डाव्या हाताची करंगळी

आमच्या कोम बहीजा गावात मला बघून पोरं तोंड उघडतात. मी भाजी घ्यायला निघालेली असो की कुणाच्या मयताला, गल्लीतलं एखादं शेंबडं पोर 'आऽ' करून माझ्यासमोर उभं राहणारच. सव्वीस वर्षं मी या गावात पोलिओचे थेंब पाजतेय. सुरुवातीला ज्यांना पाजले त्यांचीच पोरं आता माझ्यासमोर आ करतात. याचा मला फार अभिमान होता. होता म्हणते, कारण हल्ली कुणी आ केलं की मी मान खाली घालून पुढे जाते.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? जे केलं ते सांगून टाकते.

मी फौकिया. गावच्या सरकारी दवाखान्यातली घरोघर फिरणारी बाई. डॉक्टर नाही, धड नर्ससुद्धा नाही, पण आमच्याकडे ज्याच्या हातात लशीचा बर्फाचा डबा त्याला लोक डॉक्टरच म्हणतात, आणि मीही कधी कुणाला अडवलं नाही. मोहीम आली की चार दिवस पायाला भिंगरी. पाच वर्षांखालच्या प्रत्येक पोराच्या तोंडात दोन थेंब टाकायचे, मग त्याच्या डाव्या करंगळीच्या नखावर जांभळ्या शाईची खूण करायची, आणि निघताना दारावर खडूनं दोन आकडे लिहायचे: घरात पोरं किती, पाजलं किती. आकडे जुळले तर भोवती गोल काढायचा. नाही जुळले तर गोल नाही. मग पाचव्या दिवशी पुन्हा तेच दार, का राहिलं त्याचा कागद, आणि वरून तपासायला आलेला माणूस. माझ्या वाट्याला साडेतीनशे दारं. सव्वीस वर्षांत एकही दार गोलाशिवाय राहिलेलं नाही. जिल्ह्यानं मला तीन प्रशस्तिपत्रं दिलीत. पाहुण्यांच्या खोलीत नवऱ्याच्या फोटोशेजारी लावलीत. तो बिचारा एका चौकटीत, मी तीन चौकटींत.

डबा उचलायला माझ्याबरोबर अब्दुल-शाफी असतो. दवाखान्याचा पहारेकरी, माझ्याच वयाचा, तोंडात एकतर सिगारेट नाहीतर टोमणा. बाईमाणसांच्या घरात तो पाय टाकत नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसतो. त्यामुळे आत काय झालं ते फक्त मला ठाऊक असायचं.

कालव्याच्या पुलाशी, गल्लीच्या अगदी टोकाला बसीमाचं घर आहे. नवरा कुवेतला बांधकामावर, दोन वर्षांतून एकदा येतो. तिची पहिली दोन बाळं चाळीस दिवसांच्या आत गेली. तिसरं झालं तेव्हा तिनं सात घरी पदर पसरला, सात चिंध्या मागून आणल्या, त्यांचं झबलं शिवलं आणि बाळाचं नाव ठेवलं शहाता. शहाता म्हणजे भीक मागून आणलेला. भिकेतल्या पोरावर कोण डोळा ठेवणार, असा आमच्याकडचा हिशोब. एक चिंधी माझ्या घरची होती, माझ्या मुलीच्या जुन्या परकराची.

पोर जगलं. पण जन्मताना त्याचा श्वास अडकला होता, मेंदूला लागलं होतं. मान धरेना. हातपाय ताठ, मुठी अशा घट्ट मिटलेल्या की आई रोज कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवायची. हसायचा मात्र गोड. आवाज ओळखायचा. मी उंबऱ्यातून 'अस्सलामु अलैकुम' म्हटलं की आतून त्याचा हुंकार यायचा.

आठ महिन्यांचा असताना मी त्याला पहिल्यांदा थेंब द्यायला गेले. घाईत होते, दुपारची अजान झाली होती आणि अजून वीस दारं बाकी होती. आईच्या मांडीवर तो नुकताच दूध प्यालेला. मी त्याला उताणा निजवला, गाल दाबले, दोन थेंब टाकले. आणि त्याला ठसका लागला. साधासुधा नाही. ओठ निळे, डोळे पांढरे. बसीमानं त्याला पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं दूध, थेंब सगळं बाहेर पडलं आणि तो रडला. उलटी झाली तर पुन्हा द्यायचे असा नियम आहे, तो मीच नव्या बायकांना शिकवते. मी दिले नाहीत. करंगळीला शाई लावली, दारावर एक भागिले एक लिहिलं, गोल काढला आणि निघाले.

बाहेर अब्दुल-शाफी म्हणाला, "काय गं, एवढी पांढरीफटक? भूत बघितलंस की आरसा?"

"गप बस, डबा उचल," मी म्हटलं.

पुढच्या मोहिमेला मी ठरवूनच गेले की आज नीट द्यायचे. बसीमा दारातच उभी, शहाता कडेवर. मला ती खाला म्हणायची, म्हणजे मावशी. "ये खाला, ये. बघ, तुझा आवाज ऐकून कसा नाचतोय." मी त्याच्याकडे बघितलं आणि मला ते निळे ओठच दिसले. काही झालं तर? सगळं गाव म्हणेल फौकियानं लेकरू मारलं. इतक्या वर्षांवर पाणी पडेल. आणि नाही दिले तर दारावर गोल नाही, मग कागद, मग तपासणीचा माणूस, मग 'का बरं नाही दिले?' मी म्हटलं, "बसीमा, घसा सुकलाय गं. चहा देतेस का? पुदिना घालून."

चहा मागितल्यावर आमच्या सईद मुलखातली बाई धावतच सुटते. पुदिना गच्चीवरच्या डब्यात. ती वर गेली, खाली आली, किटली ठेवली, तेवढ्यात मी शहाताची मूठ सोडवली, करंगळी बाहेर काढली आणि नखावर शाई लावली. बसीमा पेला घेऊन आली तेव्हा मी झाकण लावत होते.

"दिलेस? रडला नाही?"

"अजिबात नाही."

तिनं पेला खाली ठेवला, लेकराची ती जांभळी करंगळी हातात घेतली आणि तिचा मुका घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खाला, तुझ्या हाताला गुण आहे."

तो चहा मी प्याले. शेवटच्या घोटापर्यंत.

एकदा खोटं पचलं की दुसऱ्यांदा घसा आपोआप सुकतो. प्रत्येक मोहिमेला तेच. मी चहा मागायची, ती गच्चीवर जायची, मी मूठ सोडवायची. सात वेळा. सातही वेळा ती आली, करंगळीचा मुका घेतला. शेजारणींना सांगायची, "दुसऱ्या कुणाच्या हातून घेत नाही हो तो. फौकिया खाला एकटी असली की कसा शांत." अब्दुल-शाफी दर वेळी म्हणायचा, "साडेतीनशे दारं, आणि तहान तुला नेमकी याच दारात लागते. बसीमा चहात काय घालते, मध?" मी म्हणायची, हो, मधच. चोराच्या मनात चांदणं. त्याचा तो साधा टोमणा मला आठवडाभर पुरायचा.

एवढंच असतं तर एक वेळ ठीक होतं. पण इतर पोरांना दवाखान्यात सुया मिळतात, गोवराची, धनुर्वाताची, सगळ्या. शहाताला त्यातली एकही मिळाली नव्हती. सुयांची खोली वरच्या मजल्यावर, अठरा पायऱ्या. दोन वर्षांचा असताना बसीमा त्याला पाठीला बांधून चढून गेली होती. तिथली नर्स म्हणाली, अशा पोराला आधी शहरातल्या मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी आण. ही तीन गाड्या बदलून शहरात गेली. मोठा डॉक्टर म्हणाला, "चिठ्ठी कशाला? याला तर आधी द्यायला हव्यात." पण चिठ्ठी काही दिली नाही. परत आली तर सुयांचा मंगळवार उलटून गेलेला. ती माझ्याकडे आली, रडकुंडीला. आणि मी काय म्हटलं असेल? "जाऊ दे गं. हा काय शाळेत जाणारे? याचं सुयांचं कार्ड कोण मागणार?"

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं असतं तर बरं झालं असतं.

बसीमा त्यावर एवढंच म्हणाली होती, "तू थेंब देतेस ते तरी आहे, खाला. तेवढा एक आधार."

यंदा ऊस तुटून संपला आणि धुळीचा वारा सुरू झाला, तेव्हा दवाखान्यात सगळ्यांना बोलावणं आलं. शहरातून डॉक्टर मिर्वत आल्या होत्या. नवीन तपासणी अधिकारी, पायात पळायचे बूट, आवाज मऊ. म्हणाल्या, तालुक्याच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडलाय. अजून पोर कुठलं आजारी नाही, पण वेळ थोडा आहे. कालव्याकाठची घरं आधी घ्या.

कालव्याकाठची. शहाता चार-साडेचार वर्षांचा झाला होता, आणि दिवसभर कालव्याच्या बाजूच्या अंगणात गोधडीवर पडून असायचा, तिथं सावली बरी म्हणून. अर्ध्या गावाची घाण त्या कालव्यात सुटते. आधीच ज्याचे हातपाय धड चालत नाहीत, त्याचं उरलंसुरलंही जाईल, आणि त्याची आई जांभळ्या नखाकडे बघत म्हणेल की असं कसं झालं, मी तर सगळे डोस दिले होते.

पहिल्या दिवशी पहिलं दार बसीमाचंच घेतलं. रात्रभर मनाशी घोकलं होतं, आज द्यायचेच. डब्यातून बाटलीसुद्धा काढली. शहातानं माझा आवाज ऐकून हुंकार दिला आणि त्यातच त्याला थोडासा ठसका लागला, लाळेचा, साधा. बस्स. माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडले, "बसीमा, चहा टाकतेस का गं?"

विषाणू कालव्यात आहे हे माहीत असताना मी तसं केलं. हे आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मिर्वत माझी घरं तपासायला आल्या. कुठल्याही दारावर थांबायचं, आकडे वाचायचे, आत जाऊन पोरांच्या करंगळ्या बघायच्या. गल्लीभर पोरांची जत्रा मागे. डॉक्टर दिसल्या की आ, मी दिसले की आ. एकाला तर अब्दुल-शाफीनं दटावलं, "अरे मिट की, माशी जाईल." डॉक्टर हसत होत्या. मी देवाला म्हणत होते की पुलापर्यंत जायला नको. त्या थेट पुलापर्यंत गेल्या.

बसीमानं त्यांना आत नेलं. शहाता गोधडीवर कुशीवर पडला होता, पाठ आमच्याकडे. डॉक्टरांनी सलाम केला, तो काही हलला नाही. मग मला बोलणं भागच होतं. मी म्हटलं, "शहाता, बेटा, कसा आहेस?"

माझा आवाज कानावर पडताच त्याचं सगळं अंग ताठ झालं. चेहरा लाल. डावा हात थरथरत वर यायला लागला. मूठ एकदा घट्ट झाली, पुन्हा झाली, आणि मग जणू गाडीचं चाक चिखलातून काढावं तसा जोर लावून त्यानं एकच बोट बाहेर काढलं. करंगळी. ती हवेत धरून तो हसत राहिला. तोंड मिटलेलं.

"बघा डॉक्टर, बघा!" बसीमाला आनंद आवरेना. "खालाचा आवाज आला की आपणहून देतो. मी नाही शिकवलं हो. दुसरं कुठलंच बोट त्याला असं काढता येत नाही. बाकीची पोरं रडतात, हा हात पुढे करतो."

डॉक्टर मिर्वत गुडघ्यावर बसल्या. करंगळीचं नख बघितलं, वहीत बरोबरची खूण केली. त्यांचे डोळे ओले झाले होते. मला म्हणाल्या, "फौकियाबाई, मी अकरा गावं तपासली. दारावर गोल असतो, आणि आतल्या खोलीत असं एखादं मूल असतं, जे आकड्यात धरलेलंच नसतं. कुणाला ते दिसत नाही, कुणाला भीती वाटते. तुम्ही याला सोडलं नाहीत. परवाच्या सभेत मी तुमचं उदाहरण देणार आहे."

बसीमानं माझा हात धरला आणि दाबला. मला तो सोडवून घेता येईना.

गावातली झाडून सगळी पोरं मला तोंड दाखवतात. हा एकटा करंगळी दाखवतो. कारण त्या पहिल्या ठसक्यानंतर मी त्याच्या तोंडाला कधी हातच लावला नाही. इतकी वर्षं जे मी त्याच्याशी केलं तेवढंच तो शिकला, आणि जीव खाऊन, सगळं अंग पणाला लावून त्यानं ते सरकारी डॉक्टरांसमोर जसंच्या तसं करून दाखवलं. झाकली मूठ म्हणून मी जी जपत होते ती त्यानं उघडली होती. डॉक्टरांना कळलं नाही, आईला कळलं नाही. मला कळलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि अब्दुल-शाफी बाहेरून ओरडला, "काय, आज चहा नाही का?"

दुपारी अब्दुल-शाफी घरी जेवायला गेला तसा मी डबा उचलला आणि एकटीच पुलाकडे गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वाटेत मी विचार करत होते की पुन्हा चहा मागायचा, ती गच्चीवर गेली की गुपचूप थेंब द्यायचे, म्हणजे काम होईल आणि अब्रूही राहील. पण मला एकटीला ते जमणारच नव्हतं. तो गिळतो कसा हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि जवळजवळ चार वर्षं मी त्याच माणसाला खोलीबाहेर पाठवत आले होते.

बसीमा अंगणात आमच्याकडच्या आंबवलेल्या भाकऱ्यांचे गोळे उन्हात फुगायला मांडत होती. हात पिठानं भरलेले. शहाता शेजारी गोधडीवर.

"खाला? काही विसरलीस का?"

"हो."

"बैस. चहा टाकते."

"चहा नको मला."

ती थांबली, मग खो खो हसली. "तुला? चहा नको? सूर्य कुठून उगवलाय आज? गप बैस." कोपरानंच तिनं किटली शेगडीवर सरकवली, आच लावली.

मी म्हटलं, "बसीमा, हात धू आणि शहाताला मांडीवर घे. थेंब द्यायचेत."

"परवा दिलेस की."

"नाही दिले."

मग तिनं स्वतःच माझ्यासाठी वाट काढली. "बाटली खराब निघाली होय? होतं गं तसं, या उन्हात. त्यात तुझा काय दोष? उगाच तोंड पाडून आलीस."

एक 'हो' पुरे होता. माझ्या जिभेवर आला होता तो. बाटली खराब निघाली, उन्हानं निघाली, दोष कुणाचाच नाही. तेवढ्यात गोधडीवर हालचाल झाली. आमचं बोलणं ऐकून शहाताचा हात वर यायला लागला होता. थरथरत, जोर लावत. करंगळी.

"बाटली चांगली होती," मी म्हटलं. "परवा नाही दिले. त्याआधीही नाही. पहिल्यांदा तो ठसकला होता ना, त्यानंतर कधीच नाही दिले."

"खूण तर आहे."

"खूण मी केली. थेंब दिले नाहीत."

"मी पुदिना आणायला जायचे तेव्हा."

"हो."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. बोटांना लागलेलं पीठ ती एकेका बोटावरून काढत राहिली.

"का?"

"भीती वाटली. घशात अडकेल म्हणून."

"त्याच्यासाठी वाटली, की स्वतःसाठी?"

इतकी वर्षं हा प्रश्न मी मला विचारला नव्हता. मी म्हटलं, "स्वतःसाठी."

"मी त्याला दिवसातून चार वेळा भरवते," बसीमा म्हणाली. आवाज अगदी साधा. "मसूर भरवते, पालेभाजी भरवते, झटक्यांचं औषध पाजते. साडेचार वर्षं. त्याच्या घशात जायचं नसतं तर हा आज इथं असता का? एकदा विचारायचं होतंस. 'बसीमा, हा कसा गिळतो गं?' एवढंच विचारायचं. मी सांगितलं असतं."

मी डबा उघडून बाटली काढली.

तिनं हात धुतले. शहाताला उचलून मांडीवर घेतलं, उताणा नाही, बसता. त्याची पाठ आपल्या छातीशी टेकवली, एक हात त्याच्या हनुवटीखाली, मान किंचित पुढे. "डॉक्टरनं नाही शिकवलं हे, माझं मी शिकले. गालाच्या आत टाका. जिभेवर नाही. एकच. आता थांबा."

टाका. थांबा. आत्ता आत्तापर्यंत ती मला अगंतुगं करत होती.

मी एक थेंब टाकला. तिनं त्याच्या गळ्यावरून दोन बोटं हळूच खाली फिरवली. त्यानं गिळला. ठसका नाही, काही नाही. कडवट लागला असावा, नाक मुरडलं त्यानं, एवढंच. "आता दुसरा," ती म्हणाली. दुसराही गिळला. डोक्यावरचा रुमाल नीट करायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढाही वेळ लागला नाही.

तेवढ्यासाठी मी आठ वेळा तिला पुदिना आणायला पाठवलं होतं.

शहाताची करंगळी अजून हवेतच होती. मी बाटलीचं झाकण लावलं आणि शाईचं पेन खिशातच ठेवलं. परवाची खूण त्या नखावर होतीच, आणि ती बघायची मला हिंमत नव्हती.

"लावा," बसीमा म्हणाली. "तो वाट बघतोय."

मी जुन्या खुणेवर नवी शाई लावली. तो खूश होऊन हुंकारला. त्याला काय, त्याला दर वेळचंच सगळं. मी बसीमाकडे बघितलं. सवयच ती. तिनं करंगळीचा मुका घेतला नाही. त्याचा तो हात आपल्या हातात घेतला आणि पदराखाली झाकून ठेवला.

"बाकीच्या सुया?" तिनं विचारलं.

"मंगळवारी मी वरून खाली आणवते. तू फक्त पायरीशी ये, चढू नको."

"पायरीशी नाही. घरी आणा. आणि तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंना घेऊन या. सकाळी माझ्यासमोर रडल्या त्या. त्यांना तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

"मी सांगते."

"कधी?"

"आज."

"आजच सांगा, सित्त फौकिया."

खाला म्हणाली नाही, सित्त म्हणाली, कुणाही परक्या बाईला म्हणतात तसं. सात चिंध्यांतली एक माझ्या घरची होती, आणि मी आता तिला परक्या दवाखान्यातली कुणीतरी सित्त झाले होते.

शेगडीवर किटली केव्हाची उकळत होती, झाकण खडखडत होतं. आमच्या सईदात दारात आलेल्या वैऱ्यालासुद्धा चहा विचारतात. बसीमा शहाताला कडेवर घेऊन उठली, शेगडीपाशी गेली आणि आच बंद केली. मग पाठमोरी होऊन उन्हातल्या भाकऱ्या फिरवू लागली.

मी डबा उचलला. बाहेर आले, रुमालाच्या टोकानं दारावरचा गोल पुसला, आणि डॉक्टर मिर्वतना फोन लावला. त्या पलीकडून हसून म्हणाल्या, "बोला फौकियाबाई, आत्ता तुमचंच नाव लिहीत होते."